वाचक विचारतात : वाइनच्या कुठल्या मासिकाची वर्गणी भरू?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. वाइनची समीक्षा छापणारी इतकी मासिकं आणि संकेतस्थळं आहेत, त्यातलं पैसे मोजून घ्यावं असं कोणतं? पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण बाकी दोघांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

ताई, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मागच्या वर्षी निवृत्त झालो. आम्ही नवरा-बायको आठवड्याला एक बाटली घेतो, पंचवीस डॉलरच्या आसपास. दुकानात प्रत्येक बाटलीखाली ९१, ९२, ९३ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. ९३ गुणांची कॅलिफोर्नियाची एक कॅबर्ने (लाल वाइन) आणली, ती दोघांनाही जड आणि गोडसर लागली. अर्धी बाटली तशीच राहिली. आता वाटतं, एखाद्या चांगल्या मासिकाची वर्गणी भरावी. वाइन स्पेक्टेटर, वाइन अ‍ॅडव्होकेट, डिकँटर, जॅन्सिस रॉबिन्सन, व्हिनस ही नावं कानावर आहेत. एकच घ्यायचं तर कुठलं?

नमस्कार. ती अर्धी राहिलेली कॅबर्ने वाया गेली असं समजू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे. तुम्हा दोघांना काय आवडत नाही, हे तिनं सांगून टाकलं. आता ते ९३ गुण कुणी दिले होते तेवढं शोधायचं.

चिठ्ठीवर आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत नाव किंवा आद्याक्षरं असतात. डब्ल्यू. एस. म्हणजे वाइन स्पेक्टेटर, डब्ल्यू. ए. म्हणजे वाइन अ‍ॅडव्होकेट, डब्ल्यू. ई. म्हणजे वाइन एन्थुझियास्ट, जे. एस. म्हणजे जेम्स सकलिंग. समजा एकाच वाइनला चौघांनी ८८, ८९, ९० आणि ९३ दिले, तर चिठ्ठीवर ९३च लागणार. दुकानदाराला बाटली खपवायची असते, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण तुमच्यापर्यंत चौघांचं मत येत नाही. चौघांत जो सगळ्यात खूश झाला, त्याचंच येतं. वर्गणी भरण्याचा पहिला फायदा हाच, की दुकानदाराला पाहिजे तो आकडा न वाचता तुम्ही एकाच माणसाचे सगळे आकडे वाचू लागता, चांगले आणि वाईटही.

हे शंभरपैकी गुण वाइनच्या दुनियेत रुळवले ते रॉबर्ट पार्कर यांनी. मेरीलँडमधले हे वकील. १९७८ मध्ये त्यांनी वाइन अ‍ॅडव्होकेट काढलं, तेव्हा ते साधं पत्रक होतं. जाहिरात घ्यायची नाही, वर्गणीदारांच्या पैशावरच चालवायचं, हा त्यांचा बाणा होता. अमेरिकेतल्या शाळेत देतात तसे गुण त्यांनी वाइनला दिले आणि मोजणीची सुरुवातच ५० पासून ठेवली. म्हणून ८० गुण ऐकून आपल्याला वाटतं पोरगं चांगल्या मार्कांनी पास झालं, पण त्या मोजपट्टीवर ८० म्हणजे बेताची वाइन. खरी चढाओढ ८८ ते ९५ या एवढ्याशा पट्ट्यात चालते. फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या १९८२ सालच्या वाइनची पार्करनी ठासून तारीफ केली. इतर काही जाणकार त्या वाइन फार पिकल्यासारख्या म्हणत होते, पार्करचं म्हणणं पुढे खरं ठरलं, आणि तिथून त्यांचा शब्द दुकानात पैशासारखा चालू लागला. आज मात्र परिस्थिती वेगळी आहे. पार्कर २०१९ मध्ये निवृत्त झाले, वाइन अ‍ॅडव्होकेट आता मिशलिनच्या मालकीचं आहे, आणि बोर्डोला एक समीक्षक, इटलीला दुसरा, कॅलिफोर्नियाला तिसरा अशी वाटणी आहे. तेव्हा मासिकाचं नाव पाहून थांबू नका. टिपणाखाली कुणाचं नाव आहे ते बघा. तुमच्या कॅबर्नेलाही हेच लागू आहे.

आता दोन मोठ्या समीक्षकांची जीभ किती वेगळी असू शकते, त्याचं एक उदाहरण. बोर्डोत सेंतेमिलियाँ नावाचा भाग आहे, तिथली शातो पावी ही वाइन. २००३ साल युरोपात भयंकर उन्हाळ्याचं, द्राक्षं फार पिकली. ती वाइन पिंपातच होती तेव्हा, २००४ मध्ये, जॅन्सिस रॉबिन्सन यांनी तिला वीसपैकी १२ दिले. पार्करना तीच वाइन विलक्षण वाटली, त्यांनी आकाशाला भिडणारे गुण दिले. जॅन्सिसबाई लंडनच्या, वाइनच्या धंद्यात नसताना मास्टर ऑफ वाइन (वाइनच्या अभ्यासातली मानाची पदवी) झालेल्या पहिल्या व्यक्ती, १९८४ मध्ये. पार्कर त्यांच्या मतावर चिडले आणि हा वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला. मला त्यात कुणाचीच चूक दिसत नाही. एकीला पोर्ट या गोड वाइनसारखी दाट, पिकलेली चव नको होती, दुसऱ्याला तीच हवी होती. तुमच्या घरी ती बाटली उघडली असती तर तुम्ही दोघं जॅन्सिसबाईंच्या बाजूनं बसला असता, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : आकड्याची वर्गणी भरू नका, जिभेची भरा. ज्याची जीभ तुम्हाला कळते, तो समीक्षक धरा. त्याची आवड तुमच्यासारखीच असली पाहिजे असंही नाही. आपल्या वहिनींचा हात तिखटाला सढळ आहे हे माहीत असलं, की त्यांनी ‘जरा तिखट झालंय’ म्हटल्यावर आपण ताटात दही घेऊनच बसतो. समीक्षकाचं तसंच आहे. तो कुठे झुकतो हे एकदा कळलं, की त्याच्या ९३चा अर्थ तुमचा तुम्हाला लावता येतो.

आकडा हा किती हलणारा असतो, ते मी स्वतः पाहिलं आहे. दिंडोरीच्या बाजूला एका वाइनरीत मी नऊ वर्षं होते, आधी प्रयोगशाळेत आणि मग तळघरात. तिथे सकाळी साडेदहाला, जेवणाच्या आधी, जीभ ताजी असताना आम्ही टाक्या चाखायचो. एकदा आमच्या मुख्य वाइनमेकरनं पांढऱ्या टेबलावर शेनँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनचे सात ग्लास मांडले. ग्लासच्या बुडाखाली खडूनं आकडे. मी वही उघडून वीसपैकी गुण लिहीत गेले. तिसऱ्या ग्लासला १४ दिले आणि शेजारी लिहिलं, ‘पातळ, पेरूचा वास उडालेला’. सातव्याला १६.५ दिले, ‘गोलाई चांगली, पिकलेला पेरू’. मग ग्लास उलटे केले. तिसरा आणि सातवा, दोन्ही सहा नंबरच्या टाकीचे. एकच वाइन, वीस मिनिटांच्या अंतरानं. झालं असं होतं, की दुसऱ्या ग्लासात फारसं आंबटपण नसलेली, जरा साखर राहिलेली वाइन होती. तिच्यानंतर तिसरा ग्लास रोडका वाटला. सहाव्यात भयंकर आंबट वाइन होती, तिच्यानंतर सातवा गोल वाटला. ती वही माझ्याकडे अजून आहे. गुण देताना मी ते पान आठवते.

हे माझ्यापुरतं नाही. रॉबर्ट हॉजसन म्हणून कॅलिफोर्नियात एक प्राध्यापक आणि वाइनमेकर. त्यांनी तिथल्या राज्य मेळ्याच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा, मधे इतर वाइन घालून, न सांगता चाखायला दिली. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. एकाच वाइनला एकाच परीक्षकानं दिलेले गुण साधारण चार गुण वर किंवा चार गुण खाली जात होते. सातत्य राखणारे परीक्षक दहातला एखादा. म्हणजे ९१ आणि ९३ मधला फरक बघून बाटली बदलू नका. टिपणातले शब्द बघून बदला.

आता तुम्ही लिहिलेल्या नावांकडे येते.

वाइन स्पेक्टेटर १९७६ पासून निघतं. गुळगुळीत, जाडजूड, प्रवास आणि हॉटेलांवर भरपूर लेख, जाहिरातीही भरपूर. चाखताना त्यांच्या परीक्षकांना भाग आणि साल सांगतात, पण उत्पादकाचं नाव आणि किंमत झाकतात. ही पद्धत मला पटते. अमेरिकेत मिळणाऱ्या वाइन त्यात खूप असतात, हा तुमच्यासाठी मोठा फायदा. जाहिराती घेतात म्हणून गुण विकत मिळतात असं मी म्हणणार नाही. मात्र वाचायला बसलात की ज्यावर जास्त पानं खर्च झाली आहेत ते तुमच्या खिशापलीकडचं असतं, हे एक-दोन अंकांत लक्षात येईल.

डिकँटर ब्रिटनचं, १९७५ पासूनचं. त्यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे पॅनेल चाखणी : एखादा भाग घेतात, लेबलं झाकतात, तीन जाणकार बसवतात आणि तिघांची मतं मांडतात. कुणाचं कुठे जुळलं नाही ते दिसतं. शिकणाऱ्याला हे फार चांगलं. पण किमती पौंडात आणि दुकानं ब्रिटनमधली. एडिसनच्या दुकानात त्यातली प्रत्येक बाटली मिळेलच असं नाही.

व्हिनस हे अँटोनियो गॅलोनी यांनी २०१३ मध्ये, वाइन अ‍ॅडव्होकेट सोडल्यावर सुरू केलं. इटलीतलं पीडमाँट, कॅलिफोर्निया, शँपेन यांवर लांबलचक लेख, मळ्यांचे नकाशे अप्रतिम. तुम्ही बाटलीला शंभर डॉलर घालत असता आणि तळघरात दहा-पंधरा वर्षं ठेवत असता, तर मी हेच सुचवलं असतं. अ‍ॅलन मेडोज यांचं बर्गहाउंड फक्त फ्रान्समधलं बर्गंडी आणि पिनो न्वार हे द्राक्ष यांच्या वेड्यांसाठी. वेड लागलं की घ्या, आधी नको.

राहिलं जॅन्सिस रॉबिन्सन यांचं संकेतस्थळ. तिथे गुण वीसपैकी, त्यातही बहुतेक वाइन १५ ते १८ मध्ये. आकड्याचा दिमाख नसल्यामुळे डोळा आपोआप शब्दांकडे जातो. टिपण दोन ओळींचं असतं, कधी कधी फटकळ, आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत प्यावी ते शेवटी दिलेलं. किमतीच्या मानानं चांगल्या वाइनला वेगळी खूण असते. पंचवीस डॉलरच्या गिऱ्हाईकाला ती खूण ९५ गुणांपेक्षा जास्त कामाची. शिवाय दोन लाखांहून जास्त टिपणं शोधता येतात, म्हणजे दुकानात उभं राहून फोनवर उत्पादकाचं नाव टाकलं की झालं. जड, गोडसर वाइन तुम्हाला नको आहे आणि जॅन्सिसबाईंचा कल ताज्या, कमी मद्याच्या, आंबटपणा टिकवणाऱ्या वाइनकडे आहे. तुमच्यासाठी एकच सांगायचं तर मी हेच सांगेन.

पण पैसे उद्याच भरू नका. आधी तुमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीचं कार्ड काढा आणि डिजिटल मासिकं विचारा. अमेरिकेतल्या बऱ्याच ग्रंथालयांत वाइनची दोन-तीन मासिकं फोनवर फुकट वाचता येतात. मग महिन्याभरात तीन बाटल्या घ्या : एक शाब्ली (फ्रान्सची पांढरी), एक कियांती क्लासिको (इटलीची लाल), एक कॅलिफोर्नियाची झिनफँडेल (लाल). तिन्ही सहज मिळतात आणि तिन्हींची तोंडं तीन दिशांना आहेत. निवडताना एवढंच बघा, की उत्पादक माहितीतला, पुष्कळांनी लिहिलेला असावा. बाटली उघडली की आधी स्वतः वहीत लिहा, मराठीतच लिहा. वहिनींनी वेगळ्या पानावर लिहावं, एकमेकांचं बघू नये. आणि मगच त्या वाइनवर कोणी काय लिहिलंय ते वाचा. तिन्ही वेळा ज्याचं वाचताना ‘हो, अगदी हेच’ असं तुमच्या तोंडून निघालं, तोच तुमचा समीक्षक. तो जॅन्सिसबाईंच्या चमूतला नसला तर माझं ऐकू नका, त्याला धरा.

मराठीत लिहा म्हणाले, त्याला कारण आहे. या मासिकांतले शब्द दुसऱ्यांच्या परसातले असतात. सोव्हिन्यो ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या प्रत्येक टिपणात ‘गूसबेरी’ येतं. आपल्याकडे शब्दकोश बघून लोक त्याला आवळा म्हणतात. मीही पहिलं वर्षभर ग्लासात आवळा शोधत होते. तो तिथे नसतोच. युरोपातली गूसबेरी हे वेगळ्याच झुडपाचं फळ आहे, आपल्या आवळ्याशी तिचं नातं नाही. आपल्या नाकाला सोव्हिन्योमध्ये जे खरंच लागतं ते म्हणजे नुकतं कापलेलं गवत आणि चिरलेली हिरवी ढोबळी मिरची. ढोबळीत आणि सोव्हिन्योत तो वास देणारा पदार्थ एकाच जातीचा आहे. शिराझ या लाल वाइनमध्ये ‘ब्लॅक पेपर’ म्हणतात ते मात्र शब्दशः खरं : मिऱ्यात जो घटक असतो तोच द्राक्षाच्या सालीत असतो, २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो नेमका शोधून काढला. व्हिओनिएला जर्दाळू, गेवुर्त्सट्रामिनरला लिची, हे आपल्याला कळतं. ‘कॅसिस’ कळत नाही, कारण काळा करंट आपण कधी खाल्लेला नाही. तिथे मी सरळ जांभूळ लिहिते. शब्द तंतोतंत नाही, पण पुढच्या वेळी तो वास आला की मला ओळखू येतो.

म्हणून मासिक चाळताना ही एक परीक्षा घ्या : दहा टिपणं वाचा आणि किती शब्दांचा वास तुमच्या नाकापर्यंत पोचतो ते बघा. आंबट, तुरट, जड, हलकी, खारट, धुरकट असे साधे शब्द वापरणारा समीक्षक आपल्यासाठी सोळा फळांची यादी देणाऱ्यापेक्षा चांगला.

ताई, माझी सून गोव्यात एका मोठ्या हॉटेलात काम करते. डब्ल्यूएसईटी या वाइनच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या पातळीची परीक्षा देणार आहे. तिच्या वाढदिवसाला वाइनच्या मासिकाची वर्गणी भेट द्यावी असं मनात आहे. मला यातलं काही कळत नाही, पण तिच्या अभ्यासाला उपयोगी पडावं अशी इच्छा आहे. कोथरूड, पुणे.

तुमचा विचार किती छान आहे. सासूनं सुनेला वाइनच्या अभ्यासासाठी भेट द्यावी, हे वाचून मी ते पत्र आमच्या घरी मोठ्यानं वाचून दाखवलं.

गुण देणारं मासिक मात्र तिला आत्ता नको. तिच्या परीक्षेत गुणांना जागाच नाही. तिथे आंबटपणा कमी, मध्यम की जास्त, तुरटपणा किती, मद्य किती, शेवटची चव किती वेळ टिकते हे ठरलेल्या क्रमानं लिहायचं असतं आणि मग गुणवत्ता का चांगली ते कारणासकट मांडायचं असतं. ९२ हा आकडा वाचण्याची सवय लागली की कारणं लिहिण्याचा हात बसत नाही. मी शिकवायला लागल्यावर हे विद्यार्थ्यांत फार पाहिलं.

जॅन्सिस रॉबिन्सन यांच्या संकेतस्थळाचं सभासदत्व द्या. कारण वेगळं आहे : सभासदाला तिथे ऑक्सफर्ड कंपॅनियन टू वाइन हा कोश वाचता येतो. वाइनच्या अभ्यासकांच्या टेबलावर जाडजूड ठोकळा दिसतो ना, तोच. पहिली आवृत्ती १९९४ची, पाचवी २०२३ची. पिंपात वाइन ठेवल्यावर काय होतं, मातीत चुना असला तर काय, एखाद्या द्राक्षाचं दुसरं नाव काय, सगळं त्यात आहे. शिफ्ट संपल्यावर रात्री फोनवर एक नोंद वाचली तरी अभ्यास होतो. कागदी मासिक परदेशातून मागवू नका, अंक कधी येईल त्याचा भरवसा नसतो.

आणि जमलं तर सोबत सहा आयएसओ (चाखणीसाठी ठरवून दिलेल्या मापाचे) ग्लास द्या, २१५ मिलिलिटरचे, ट्युलिपसारखे वर निमुळते. मोठमोठ्या फुगीर ग्लासांपेक्षा अभ्यासाला हेच बरे. एकाच मापाच्या, एकाच आकाराच्या ग्लासात चाखलं तरच दोन वाइनची तुलना खरी होते. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क बसत आलं आहे, त्यामुळे शिकणाऱ्यांना बाटल्यांचा खर्च फार जड जातो. तिला सांगा, वर्गातल्या चौघी-पाच जणींनी मिळून एक बाटली घ्यावी. चाखायला पन्नास मिलिलिटर पुष्कळ झालं.

ताई, मी पिंपळगाव बसवंतचा. आमची खायच्या द्राक्षांची बाग आहे, चार वर्षांपूर्वी दोन एकर शेनँ ब्लाँ लावली, माल कराराने वाइनरीला जातो. आमच्या द्राक्षाची वाइन कशी होते हे कुणी लिहितं का? कुठलं मासिक घेऊ म्हणजे माझ्या बागेला फायदा होईल?

तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात आनंद झाला. द्राक्ष पिकवणारा माणूस पेल्यातल्या वाइनबद्दल विचारतो, हे आपल्याकडे अजून थोडं आहे.

आपल्या देशातल्या वाइनवर लिहिणारं सोमेलियर इंडिया हे मासिक दिल्लीहून निघतं, ते बघा. मुंबईच्या सोनल हॉलंड या भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाइन, २०१६ मध्ये झाल्या. त्या आपल्या वाइनवर बोलतात, लिहितात, तेही ऐका. परदेशी मासिकांत नाशिकवर कधीतरी एखादा लेख येतो, तेवढ्यासाठी वर्गणी भरू नका.

तुम्हाला मी एक आडवळणाचं नाव सांगते : दक्षिण आफ्रिकेचं प्लॅटर्स. मासिक नाही, दरवर्षी निघणारं मार्गदर्शक आहे, १९८० पासूनचं. जगात सगळ्यात जास्त शेनँ ब्लाँ दक्षिण आफ्रिकेत आहे. उन्हाचा कडाका त्यांनाही सोसावा लागतो, आणि त्यांनी गेल्या काही दशकांत हे द्राक्ष स्वस्त, पाणचट वाइनमधून काढून उत्तम वाइनपर्यंत नेलं. तो प्रवास कसा झाला हे त्यातल्या नोंदी ओळीनं वाचताना कळतं : जुन्या वेली राखल्या, एकरी माल कमी घेतला, पिंप कुठे वापरलं, कुठे नाही वापरलं. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातल्या थंड हवेतल्या शेनँवर कितीही वाचलंत तरी पिंपळगावच्या मार्चमध्ये त्याचा उपयोग कमी. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशचा होईल.

बागेसाठी मात्र समीक्षेपेक्षा आपलं द्राक्षवृत्त हे नियतकालिक आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांना धरून राहा. समीक्षक साखर किती होती ते सांगत नाही, ते तुमच्या रिफ्रॅक्टोमीटरलाच कळणार. तुम्ही एक करा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, तोडणीची तारीख, त्या दिवशीचं ब्रिक्स (रसातली साखर), आंबटपणा, आणि तोडणीच्या आधीच्या आठवड्यात रात्री गारवा किती होता, हे एका पानावर लिहून ठेवा. मग वाइनरीला विनंती करा की तुमच्या मालाची टाकी वेगळी असेल तर एकदा चाखू द्या. करारात तसं काही लिहिलेलं नसलं तरी विचारायला हरकत नाही. आमच्याकडे दोन शेतकरी दरवर्षी यायचे आणि त्यांच्या टाकीचा नळ मीच उघडायचे. त्यातल्या एकानं पहिल्याच घोटाला सांगितलं होतं, ‘ताई, हा माल आठ दिवस आधी तोडायला पाहिजे होता.’ प्रयोगशाळेच्या कागदावर तेच लिहिलेलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी, टाक्या अजून गढूळ असताना जा. सकाळी जा, तंबाखू खाऊन जाऊ नका, आणि वही न्या.